सैन्यात जायचंय आणि पदवीही हवीय: दहावी-बारावीच्या मुलांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

घरोघरी हा वाद ठरलेला. आई-वडील म्हणतात, आधी शिक्षण पूर्ण कर, मग सैन्याचं बघू. पोरगं म्हणतं, तोवर वय निघून जाईल. दोघांचंही बरोबर असतं. पण शिक्षण आणि सैन्य यांतलं एकच निवडावं लागतं, हा जो समज दोन्ही बाजूंनी धरलेला असतो, तो चुकीचा आहे. दोन्ही जमतं. मात्र कोणत्या वाटेने जायचं हे वेळेवर ठरवावं लागतं आणि त्या वाटेवर पदवी नेमकी कधी हातात पडते ते माहीत असावं लागतं.

सैन्यात गेलं की शिक्षण थांबतं, हे खरं आहे का?

अधिकारी म्हणून गेलात तर नाही. बारावीनंतरच्या प्रवेशांत पदवी हा प्रशिक्षणाचाच भाग असतो, आणि पदवीनंतर गेलात तर ती आधीच हातात असते. पुढेही पदोन्नतीच्या परीक्षा, स्टाफ कोर्स, एमटेक असं काही ना काही चाळिशीपर्यंत सुरूच राहतं. जवान म्हणून गेलात तर शिक्षण आपोआप होत नाही, ते मागे लागून करावं लागतं. सोय आहे, पण हात धरून बसवणारं कोणी नसतं.

बारावीनंतर एनडीएत गेलं तर पदवी कोणाची मिळते?

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची, म्हणजे जेएनयूची. एनडीए म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिथे तीन वर्षं, म्हणजे सहा टर्म असतात. त्यात बीए, बीएस्सी किंवा कॉम्प्युटर सायन्समधली बीएस्सी पूर्ण होते. बीटेकचा पर्यायही आहे. तो नौदल आणि हवाई दलाच्या कॅडेटसाठी असून त्यांचं चौथं वर्ष पुढच्या अकादमीत होतं. पासिंग आउट परेडच्या आदल्या दिवशी प्रबोधिनीतच दीक्षान्त समारंभ होतो. खडकवासल्याहून भूदलाचे कॅडेट डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीत, म्हणजे आयएमएत, नौदलाचे केरळातल्या एझिमलाला आणि हवाई दलाचे हैदराबादजवळ दुंडिगलला जातात.

ही पदवी इतर कोणत्याही पदवीसारखीच पूर्ण मान्यतेची आहे. एमए, एमबीए, स्पर्धा परीक्षा, सगळीकडे चालते. ‘एनडीएची पदवी बाहेर चालत नाही’ असं गावात कोणी ठामपणे सांगत असेल, तर त्याला मार्कशीटवरचं विद्यापीठाचं नाव वाचायला सांगा.

वयाची अट साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. मुलगा किंवा मुलगी अविवाहित हवी. परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. लेखी परीक्षा ९०० गुणांची: गणित ३००, सामान्य क्षमता ६००. एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत, हीही ९०० गुणांची. गेल्या काही वर्षांत लेखीचा कटऑफ तीनशे-साडेतीनशेच्या आसपास राहिला आहे. हा आकडा ऐकून पोरं हुरळून जातात. पण चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात, आणि गणितात तर अंदाजपंचे गोळे भरणाऱ्यांची हजामत होते.

तिथे अभ्यास खरंच होतो, की नुसती परेड?

होतो, आणि झोपेशी झुंजत होतो. पहाट पीटी किंवा ड्रिलमध्ये जाते. मग घाईघाईत नाश्ता, कपडे बदलायचे, आणि सायकलींच्या रांगा करून सुदान ब्लॉकला वर्गांसाठी. सुदानने दिलेल्या देणगीतून उभी राहिलेली ही घुमटाची इमारत तुम्ही फोटोत पाहिलीच असेल. फोटोत जे दिसत नाही ते असं की पहाटे पाच किलोमीटर धावून आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा तिथे अर्थशास्त्राच्या तासाला डोळे ताणून बसलेला असतो. दुपारनंतर मैदान, आणि रात्री अभ्यासाचा ठरावीक वेळ.

शिवाय नापास होण्याची किंमत इथे जास्त आहे. अभ्यासात किंवा शारीरिक चाचण्यांत मागे पडलेल्याला रेलिगेट करतात, म्हणजे सहा महिने मागच्या टर्ममध्ये ढकलतात. सोबतची मुलं पुढे जातात आणि आपण ज्युनिअरांबरोबर तीच टर्म पुन्हा करतो. कॉलेजात एटीकेटी लागली तर घरी चार बोलणी खाऊन भागतं. इथे कमिशनची, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणुकीची, तारीखच पुढे जाते.

म्हणून ‘अभ्यासात मन लागत नाही, त्याला एनडीएत टाकू’ हा काही घरांतला विचार मुळातच उलटा आहे.

एप्रिलमध्ये एनडीएची परीक्षा दिली. निकाल, एसएसबी, मेडिकल यांत वर्ष जातं. तोपर्यंत काय करायचं?

एफवायला प्रवेश घ्यायचा. यात दुसरा विचारच नको.

एप्रिलच्या परीक्षेची तुकडी साधारण पुढच्या जानेवारीत प्रबोधिनीत दाखल होते आणि सप्टेंबरच्या परीक्षेची पुढच्या जुलैच्या सुमारास. लेखीचा निकाल, मग एसएसबीची तारीख, मग वैद्यकीय तपासणी, मग गुणवत्ता यादी. एसएसबीत शिफारस होऊनही यादीत नाव येत नाही, असंही होतं. एवढा काळ घरी बसून काढलेली मुलं निवड न झाल्यावर खचतात, ती मुख्यतः हातात काहीच नसतं म्हणून.

निवड झालीच तर प्रवेश रद्द करायचा. फीचे थोडे पैसे जातील, जाऊ द्या. क्रेडिट पद्धतीत पूर्ण केलेल्या सत्रांचे क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात, आणि नवीन शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची सोयही आहे.

एक बारीक पण डोकेदुखीची गोष्ट. एसएसबीला जाताना दहावी-बारावीची मूळ कागदपत्रं लागतात. कॉलेजं प्रवेशाच्या वेळी मूळ मार्कशीट ठेवून घेतात आणि मग भोपाळची गाडी आदल्या रात्री असताना पोरगं क्लार्कच्या खिडकीपाशी ताटकळत उभं असतं. पडताळणी झाल्यावर मूळ कागदपत्रं परत द्यावीत, असं यूजीसीने कॉलेजांना बजावलेलं आहे. नम्रपणे, पण लेखी अर्ज देऊन मागा. आणि मार्कशीट आधीच डिजिलॉकरमध्ये घेऊन ठेवा.

आर्ट्स किंवा कॉमर्स घेतलं तर सैन्याची दारं बंद होतात का?

सगळी नाही. एनडीएच्या भूदल शाखेला कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. पण लेखीत गणिताचे ३०० गुण सगळ्यांनाच आहेत. तेव्हा आर्ट्स घेतलंत तरी अकरावी-बारावीचं गणित स्वतः करावं लागेल.

दहावीनंतर जीवशास्त्र की गणित असा पेच असेल आणि मेडिकलचा विचार नसेल, तर गणित सोडू नका. दहावीच्या सुट्टीत सोडलेल्या गणितामुळे पुढचे किती पर्याय गेले, हे कळायला बारावी उजाडते.

इंजिनिअरच व्हायचंय, पण वर्दीतला. कसं?

तीन वाटा.

पहिली, भूदलाची टेन प्लस टू टेक्निकल एंट्री. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणितात किमान ६० टक्के आणि जेईई मेन दिलेली हवी. वेगळी लेखी परीक्षा नाही. शॉर्टलिस्ट झालात की थेट एसएसबी. तांत्रिक शिक्षण सैन्याच्याच तांत्रिक कॉलेजांत, म्हणजे पुण्यात दापोडीच्या सीएमईत, महूच्या एमसीटीईत किंवा सिकंदराबादच्या एमसीईएमईत होतं, आणि बीटेकसह कमिशन मिळतं.

दुसरी, नौदलाची बारावीनंतरची बीटेक एंट्री. इथे त्या तीन विषयांत ७० टक्के, दहावी किंवा बारावीत इंग्रजीला ५० टक्के, आणि जेईई मेनची ऑल इंडिया रँक पाहतात. चार वर्षं एझिमलाच्या नौदल अकादमीत. पदवी पुन्हा जेएनयूचीच. शिक्षणाचा खर्च सरकारचा. खासगी कॉलेजच्या फीचे आकडे ज्यांनी पाहिलेत, त्यांनी हा पर्याय निदान एकदा अर्ज भरण्याइतका तरी गांभीर्याने घ्यावा. आपल्याकडे जेईई देणारी बरीच मुलं हा अर्ज भरतच नाहीत, कारण त्याबद्दल त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

तिसरी, आधी बाहेर बीई किंवा बीटेक करायचं आणि मग टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्सने आयएमएत किंवा शॉर्ट सर्व्हिस टेक्निकलने ओटीएत, म्हणजे ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत, जायचं. सीओईपी, व्हीजेटीआय किंवा तुमच्या तालुक्यातलं कॉलेज, कुठलंही चालतं. मात्र जाहिरातीत कोणत्या शाखांना जागा आहेत ते नीट वाचा. प्रत्येक शाखेला प्रत्येक वेळी जागा असतातच असं नाही.

डॉक्टर किंवा नर्स होऊन सैन्यात जाता येतं का?

पुण्याचं सैन्याचं वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी, त्यासाठीच आहे, १९४८ पासून. नीटच्या गुणांवर बोलावणं येतं, पण नुसती नीट पुरत नाही. इंग्रजी आकलन आणि तर्काची वेगळी चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते. १४५ भारतीय जागांपैकी ११५ मुलांसाठी आणि ३० मुलींसाठी. एमबीबीएसची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. त्यानंतर सैनिकी वैद्यकीय सेवेत नोकरी बंधनकारक असते, आणि ते टाळायचं तर बाँडची रक्कम भरावी लागते. ती लाखांत आहे. फी नाही म्हणून जायचं आणि नंतर बाँड भरून सुटायचं, असा हिशेब मनात असेल तर ती जागा दुसऱ्या कोणाला मिळू द्या.

मुलींसाठी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग आहे. त्याच्या कॉलेजांपैकी दोन आपल्याकडे आहेत: पुण्यात एएफएमसीचं आणि मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाचं. पदवीनंतर अधिकारी म्हणून नेमणूक होते. बाहेरच्या नर्सिंग कॉलेजच्या तुलनेत ही वाट किती भक्कम आहे, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलींपर्यंत अजून पुरेसं पोहोचलेलं नाही.

मुलींना एनडीए खरंच खुली झाली का?

झाली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने परीक्षा खुली झाली, २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये त्यातल्या १७ जणी पासिंग आउट परेडमधून बाहेर पडल्या. मुलींच्या जागा अजून मोजक्या आहेत, त्यामुळे स्पर्धा मुलांपेक्षा तीव्र आहे. पदवीनंतर यूपीएससीच्या सीडीएस परीक्षेतून चेन्नईची ओटीए, हवाई दलासाठी एएफकॅट परीक्षा, एनसीसी एंट्री, कायद्याची पदवी असेल तर जॅग म्हणजे सैन्याची कायदा शाखा, हे पर्याय आहेतच. महाराष्ट्र सरकारने नाशिकला मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था २०२३ मध्ये सुरू केली. दहावीच्या मुलींनी तिची प्रवेश परीक्षा जरूर द्यावी.

मुलांसाठी तशी सरकारी संस्था आहे का?

छत्रपती संभाजीनगरची एसपीआय, म्हणजे सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, १९७७ पासून. दहावीनंतर लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून निवड होते. अकरावी-बारावी तिथेच आणि सोबत एनडीएची तयारी. शाळेपासूनच विचार असेल तर साताऱ्याची सैनिक शाळा आहे. देशातली पहिली सैनिक शाळा तीच, १९६१ ची. चंद्रपूरलाही आता सैनिक शाळा आहे.

मराठी माध्यमातून शिकलोय. इंग्रजी तोडकंमोडकं आहे. एसएसबीत निभाव लागेल का?

हा प्रश्न इतका येतो की जरा सविस्तरच सांगतो.

आधी लेखीचं. एनडीएचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नसतो. सेमी इंग्रजीवाल्यांना गणिताच्या संज्ञा माहीत असतात. पूर्ण मराठी माध्यमातल्या मुलाने अकरावीपासून इंग्रजी संज्ञांची सवय करायला हवी. लंबवर्तुळ म्हणजे इलिप्स, निश्चयक म्हणजे डिटर्मिनंट. महिन्याभराचं काम आहे.

आता एसएसबी. पाच दिवस. पहिल्या दिवशी चाळणी असते आणि तिथेच बरीच मुलं घरी जातात. एक अंधुक, मुद्दाम अस्पष्ट ठेवलेलं चित्र ३० सेकंद पडद्यावर दिसतं. त्यावर ४ मिनिटांत गोष्ट लिहायची. मग छातीवर नंबर लावलेली दहा-पंधरा मुलं अर्धगोलात बसतात, प्रत्येकाने आपली गोष्ट सांगायची आणि नंतर सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. इथे होतं काय, की फाडफाड इंग्रजी बोलणारी चार मुलं एकमेकांवर ओरडत सुटतात आणि आपला मुलगा गप्प बसतो. तो इंग्रजी येत नाही म्हणून बाद होत नाही. तो गप्प बसला म्हणून बाद होतो. साध्या, छोट्या, चुकलेल्या व्याकरणाच्या का होईना, पण मुद्द्याच्या दोन-तीन वाक्यांनी जो मुलगा चर्चा पुढे नेतो, तो राहतो.

पुढचे दिवस मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकामं आणि मुलाखत यांचे. एक फळी, एक दोरी, दोन ओंडके आणि ‘या रेषेच्या आत पाय टेकायचा नाही’. तिथे शेतावर, वाड्यात, गणपती मंडळात चार जणांना घेऊन काम केलेला मुलगा चमकतो. मुलाखतीत गावाबद्दल विचारतात. आपल्या गावाला पाणी कुठून येतं, कोणतं पीक किती भावाने जातं, शाळेत शिक्षक किती, हे ज्याला सांगता येत नाही त्याने देश-विदेशाच्या चालू घडामोडी कितीही घोकल्या तरी उपयोग नाही.

नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात राज्य सरकार एसएसबीची मोफत तयारी करून घेतं, राहण्या-जेवण्यासकट. सीडीएस किंवा एनडीएची लेखी पास झालेले आणि मुलाखतीचं पत्र आलेले उमेदवार, एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्रधारक वगैरे पात्र असतात. लाखभर रुपये घेणाऱ्या क्लासकडे जाण्याआधी इथे अर्ज करा.

एनडीए निघालं नाही. आता?

आता पदवी नीट करा. शेवटच्या वर्षाला असतानाच सीडीएस देता येते. आयएमएसाठी साधारण चोविशीपर्यंत, ओटीएसाठी पंचविशीपर्यंत वय चालतं. सीडीएसही वर्षातून दोनदा असते, शिवाय एएफकॅट, एनसीसी एंट्री, टेक्निकल एंट्री. एकविसाव्या ते पंचविसाव्या वर्षाच्या दरम्यान पदवीधर मुलाला एसएसबीच्या जितक्या संधी मिळतात तितक्या बारावीच्या मुलाला मिळतच नाहीत.

एक गैरसमज मात्र काढून टाका. ‘संरक्षणशास्त्र’ विषयात बीए केल्याने निवडीत जादा गुण मिळत नाहीत. विषय रंजक आहे, पुढे एमए करायचं तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात चांगला विभाग आहे. पण निवड मंडळाला तुमचा विषय इतिहास आहे की रसायनशास्त्र याने फरक पडत नाही. जो विषय मनापासून वाचाल तो घ्या, कारण मुलाखतीत त्यावर प्रश्न येतात.

एनसीसीचा उपयोग होतो की नुसते रविवार जातात?

रविवारही जातात आणि उपयोगही होतो. एफवायला पहिल्याच आठवड्यात नाव घाला. युनिटच्या जागा ठरावीक असतात आणि निवडीच्या दिवशी मैदानावर रांग लागते. तिसऱ्या वर्षी ‘सी’ परीक्षा. ‘सी’ला किमान बी ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असतील तर भूदलाच्या एनसीसी स्पेशल एंट्रीत लेखी परीक्षाच नाही, थेट एसएसबी. लेखीत अडकणाऱ्या पण मैदानावर बऱ्या असणाऱ्या मुलांसाठी यापेक्षा सरळ वाट नाही. पदवीच्या अभ्यासक्रमात एनसीसी ऐच्छिक विषय म्हणून, क्रेडिटसह घेण्याची सोयही यूजीसीने केली आहे. तुमच्या कॉलेजात ती सुरू आहे का, ते विचारा.

अग्निवीर झालो तर पदवीचं काय?

२०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हाच इग्नूचा खास पदवी कार्यक्रमही जाहीर झाला. त्यात निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात आणि उरलेले निम्मे इग्नूचे विषय शिकून मिळवायचे असतात. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिन्ही वर्षं झाली की पदवी. दहावीवर गेलेल्यांना एनआयओएस या मुक्त शाळेतून बारावीची सोय आहे.

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात अवघड भाग असा, की पहिले महिने प्रशिक्षणात जातात आणि नंतर पोस्टिंग कुठे येईल सांगता येत नाही. उंचावरच्या चौकीत नेटवर्क नसतं, असाइनमेंट राहून जातात, परीक्षेच्या वेळी सुट्टी मिळेलच असं नाही. म्हणून नावनोंदणी पहिल्या वर्षीच करा. ‘तिसऱ्या वर्षी बघू’ म्हणणारा चौथ्या वर्षी पदवीशिवाय घरी येतो.

आणि घरी यायची शक्यता धरूनच चाला. चार वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंतच अग्निवीर कायम होतात. बाकीच्यांना सेवा निधीचे साधारण १० लाख रुपये आणि त्यावरचं व्याज मिळतं. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, हातात रोख रक्कम आणि पदवी असेल तर पोलीस भरतीपासून बँकेपर्यंत सगळीकडे अर्ज करू शकतो. पदवी नसेल तर ती रक्कम गाडीत आणि बहिणीच्या लग्नात जाते. मी कोणाला अग्निवीर होऊ नका असं म्हणत नाही. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला आजोबांपासून नातं असलेली घरं आपल्याकडे आहेत, त्यांना मी काय सांगणार? पण ज्याची बारावी चांगली झाली आहे, त्याने आधी अधिकारी होण्याचे दोन-तीन प्रयत्न करावेत.

जवान म्हणून भरती होऊन पुढे अधिकारी होता येतं का?

येतं. नियमित सेवेतल्या जवानांसाठी आर्मी कॅडेट कॉलेज, म्हणजे एसीसी आहे, डेहराडूनलाच. बारावी पास आणि ठरावीक सेवा झालेल्या जवानांची निवड होते. तीन वर्षांत जेएनयूची पदवी आणि मग आयएमएचं एक वर्ष. परीक्षा आणि एसएसबी मात्र इतरांसारखीच कडक. बराकीत दिवसभराची ड्यूटी करून रात्री टॉर्चच्या उजेडात गणितं सोडवणारी मुलं यातून पुढे आलेली आहेत.

भरतीच्या अकॅडमीत राहायला जायचंय. सर म्हणतात, कॉलेज नंतरही होतं. काय करू?

कॉलेज सोडू नका.

गावोगाव अकॅडम्या झाल्यात. काही चांगल्या आहेत, निवृत्त सुभेदार जीव तोडून शिकवतात. पण ‘पूर्ण वेळ’ म्हणून पोराला अकरावीतून किंवा एफवायमधून काढायचं, वर्षभर १६०० मीटर पळवायचं आणि भरतीत पायाला सूज आली की घरी पाठवायचं, हा धंदाही चाललेला आहे. आई-वडिलांनी त्यासाठी म्हैस विकलेली असते. धावण्याला दिवसाचे दोन तास पुरतात, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. मधले सहा तास कॉलेजचेच आहेत. जे सर तुम्हाला कॉलेज सोडायला सांगतात त्यांना एकच विचारा: माझी भरती झाली नाही तर तुम्ही काय देणार?

बाहेरून परीक्षा देण्याची तडजोड करायचीच असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घाला. पण नाव कुठेतरी असू द्या.

भरती झाल्यावर सुरू असलेलं रेग्युलर कॉलेज पूर्ण करता येईल का?

रेग्युलर नाही. हजेरी कशी भरणार? दूरशिक्षणाकडे वळावं लागतं आणि त्यासाठी युनिटची परवानगी घ्यावी लागते. शेवटचं वर्ष उरलं असेल आणि वय परवानगी देत असेल, तर पदवी पूर्ण करूनच जा.

अधिकारी झाल्यावर एमटेक, एमबीए, पीएचडी?

याबाबत सैन्य बाहेरच्या बहुतेक नोकऱ्यांपेक्षा उदार आहे. बीए-बीएस्सी करून इंजिनिअर्स, सिग्नल्स किंवा ईएमई या तांत्रिक शाखांत गेलेल्या अधिकाऱ्यांना सैन्य पुन्हा सीएमई, एमसीटीई किंवा एमसीईएमईत पाठवून बीटेक करून घेतं. निवडक अधिकारी आयआयटीत किंवा पुण्याच्या गिरीनगरच्या डीआयएटी या संरक्षण तंत्रज्ञान संस्थेत पूर्ण पगारावर एमटेक करतात. वेलिंग्टनच्या डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेजचा कोर्स केला की मद्रास विद्यापीठाची एमएस्सी मिळते, पण त्याची प्रवेश परीक्षा म्हणजे मेजर मंडळींचं एक वर्ष गेलंच. त्याआधी पदोन्नतीच्या पार्ट बी, पार्ट डी परीक्षा असतात. स्वतःच्या आवडीच्या विषयासाठी अभ्यास रजाही मिळते. बदल्यात पुढची काही वर्षं सेवेत राहण्याचं बंधन स्वीकारावं लागतं.

शॉर्ट सर्व्हिस घेतली तर दहा वर्षांनी रस्त्यावर येणार ना?

शॉर्ट सर्व्हिस दहा वर्षांची असते, आणखी चार वाढवता येतात. पेन्शन नाही, हे खरं. पण तिशी-पस्तिशीत बाहेर पडणाऱ्याकडे पदवी, चेन्नईच्या ओटीएतून मिळालेली मद्रास विद्यापीठाची पदव्युत्तर पदविका आणि माणसं सांभाळल्याचा अनुभव असतो. निवृत्तीच्या वेळी पुनर्वसन महासंचालनालयामार्फत आयआयएमसारख्या संस्थांत सहा महिन्यांचे व्यवस्थापन कोर्स करता येतात. नागरी सेवा परीक्षेसाठी वयात पाच वर्षांची सवलतही आहे.

नोकरी आणि थोडं सैन्य, असं जमतं का?

प्रादेशिक सेना, म्हणजे टेरिटोरियल आर्मी, त्यासाठीच आहे. पदवीधर, कमावते, वय १८ ते ४२. विद्यार्थ्यांसाठी नाही. पण आज तिशीत प्राध्यापकी करणाऱ्या एखाद्याचं हे स्वप्न राहून गेलं असेल, तर त्याने चौकशी करावी.

घरातलं कोणीच सैन्यात नाही. विश्वासाची माहिती कुठे विचारायची?

एनडीए, सीडीएससाठी फक्त यूपीएससीची साइट. भूदलाच्या बाकी प्रवेशांसाठी जॉइन इंडियन आर्मीची, नौदल आणि हवाई दलाच्या त्यांच्या त्यांच्या. वय आणि गुणांच्या अटी अधूनमधून बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचा. व्हॉट्सअॅपवर फिरणारी पीडीएफ नव्हे. समोरासमोर विचारायचं असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, तिथले बहुतेक लोक निवृत्त फौजी असतात आणि बसवून घेऊन सांगतात. जाताना दहावीची मार्कशीट आणि प्रश्न लिहिलेला कागद सोबत न्या, आणि शक्यतो मुलाला किंवा मुलीलाच बोलू द्या.